मानसिक आधार-कार्यकर्त्यांचे विद्यापीठीय प्रशिक्षण

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहरात १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले दगावली, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला त्सुनामीने नागपट्टिणम्‌चा किनारा उद्ध्वस्त केला. अशा आपत्तींनंतर समुपदेशनाची शिबिरे भरतात व उठतात. परंतु आईबापांची उडालेली झोप आणि कामावरून उडालेले मन वर्षानुवर्षे तसेच राहू शकते, म्हणून गावातच राहणाऱ्या आधार-कार्यकर्त्यांची गरज असते. आधार-कार्यकर्ता म्हणजे औषध न देणारा, पण नीट ऐकून घेणारा, आत्महत्येच्या विचारासारखी धोक्याची लक्षणे ओळखणारा आणि रुग्णाला वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारा प्रशिक्षित मनुष्य.

अशा कार्यकर्त्याच्या हातून उपचार घडतो, हे गोव्यात सिद्ध झाले आहे. तेथील ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या आणि तीन महिन्यांनी त्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले, तर या भेटी न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. पद्धत होती वर्तन-सक्रियतेची, म्हणजे मन लागण्याची वाट न पाहता आंघोळ, बाजार, शेजाऱ्याशी बोलणे अशी लहान कामे रुग्णाकडून ठरवून करवून घेण्याची. त्याहून मोलाची गोष्ट ही की, समुपदेशक संभाषणांची ध्वनिमुद्रणे एकत्र बसून ऐकत, परस्परांना गुण देत आणि कोठे घाईने सल्ला दिला गेला ते दाखवून देत.

पर्यवेक्षण म्हणतात ते हेच, आणि विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा कणा तेच असले पाहिजे. कुंभकोणम्‌चे शासकीय कला महाविद्यालय तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठाशी संलग्न आहे. तेथे असा अभ्यासक्रम उभा राहिला, तर व्याख्यानांपेक्षा अधिक तास आरोग्य केंद्रांत आणि घरभेटींत जावेत, निवड आसपासच्या गावांतून व्हावी, आणि शिकवणी तमिळमध्ये असावी. ज्या तंजावूर-मराठी घरांत अजून मराठी बोलली जाते, तेथे ती जाणणारा कार्यकर्ताही हवा, कारण दुःख घरच्या भाषेतच मोकळे होते. पदवीनंतर मानधन आणि साप्ताहिक पर्यवेक्षण यांची हमी नसेल, तर विद्यापीठाने प्रवेश देऊ नयेत.