आभाळाला कान लावणारा जिल्हा



कवीला ‘सध्या काय वाचताय?’ असे विचारणारा माणूस एखाद्या कवितासंग्रहाचे नाव ऐकायच्या तयारीत असतो. मी विज्ञानकादंबऱ्या आणि चित्रकथा वाचतो आहे असे सांगितले की तो जरा थबकतो. पन्नाशी उलटल्यावर कॉमिक्स? बोलून दाखवत नाही, पण चेहऱ्यावर दिसते. म्हणून आज या वाचनाबद्दलच चार गोष्टी सांगाव्यात म्हणतो.

निमित्त घडले ते एका निधनाच्या बातमीचे. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यांची पुस्तके कपाटातून पुन्हा काढली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी केली की ना. वि. ज. होतात. नावाच्या वजनाने बक्षीस मिळू नये, एवढाच हेतू. बक्षीस मिळाले, तेही पहिले. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. केंब्रिजला शिकलेला, जगभर नाव असलेला हा माणूस गोष्ट सांगायला बसला तेव्हा मराठीत बसला. कृष्णविवर हा शब्द मराठी घरांत रुळला, त्यात अशा कथांचा मोठा वाटा आहे.

आता तुम्ही म्हणाल, कृष्णविवराचा आणि हिंगोलीचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चांगला चार किलोमीटर लांबीचा आहे.

औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात ‘लायगो इंडिया’ ही वेधशाळा उभारायचे ठरले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी २०३० सालापर्यंतचे उद्दिष्ट सांगितले गेले. इथे दुर्बीण नसेल. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतील, आणि त्यांतून लेसरचा किरण जा-ये करील. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लाटा उठतात. ती लाट पृथ्वीवरून जाताना नळीची लांबी किंचित बदलते. किंचित म्हणजे किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी पहिली लाट टिपली. ती निघाली तेव्हापासून सुमारे १३० कोटी वर्षे वाटेत होती, आणि आली ती सेकंदाच्या पाचव्या भागाएवढीच. तिचे ध्वनीत रूपांतर केले, तर एखाद्या पाखराने चढत्या सुरात एकदाच ‘चिव’ करावे तसे ऐकू आले.

आपल्याला हाक कुठून आली हे कळते, कारण आपल्याला दोन कान आहेत. विश्वातली हाक नेमकी कुठल्या दिशेची, हे ठरवायला पृथ्वीच्या या बाजूलाही एक कान हवा. तो औंढ्याच्या माळावर बसणार आहे. मोठी रहदारी, मोठे कारखाने यांपासून दूर असलेली जमीन त्यासाठी शोधली गेली. ‘मागास’ म्हणून आपल्याला जे ऐकवले जाते, त्यातली एक गोष्ट, म्हणजे इथली शांतता, जगाला हवीशी वाटली! आणि गंमत पाहा, याच जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरातली माणसे गेली काही वर्षे जमिनीतून येणारे गूढ आवाज ऐकत आली आहेत. खाली जमीन बोलते, वर आभाळ बोलणार आहे.

संत नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. आमच्या घरी थोरली माणसे ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तल्या जादूच्या गोष्टी सांगत. दोन्ही ऐकताना अंगावर काटा येतो, पण ‘कसे?’ असे कोणी विचारत नाही, आणि विचारूही नये. तिथे श्रद्धेचे आणि रसाचे राज्य आहे. विज्ञानकथेत मात्र ‘कसे?’ विचारल्याशिवाय पान उलटत नाही. आणि चांगली विज्ञानकथा आणखी एक प्रश्न विचारते, तो म्हणजे ‘मग माणसाचे काय?’

नारळीकरांची ‘वामन परत न आला’ पाहा. जमिनीखाली एक पेटी सापडते. नष्ट झालेल्या एका प्रगत संस्कृतीने तिच्यात आपले ज्ञान ठेवलेले असते. त्या ज्ञानातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, आणि त्याला आपल्यासारखे आणखी वामन घडवायचे असतात. कादंबरीचे नावच बळीच्या कथेतले. दान मागायला आलेला बटू तिसरे पाऊल कुठे ठेवील, ही ती भीती. आज फोनमधले यंत्र आपल्याशी बोलते, आपल्यासाठी पत्रे लिहिते. अशा वेळी ही कादंबरी पुन्हा वाचून बघा.

चीनच्या लिऊ त्सिशिन यांची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ मी इंग्रजीतून, शब्दकोश जवळ ठेवून वाचली. २००८ साली ती पुस्तकरूपाने आली. केन लिऊ यांच्या इंग्रजी अनुवादाला २०१५ मध्ये ह्यूगो पुरस्कार मिळाला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात एका तरुणीच्या डोळ्यांदेखत तिच्या प्राध्यापक वडिलांना जमाव ठार मारतो. पुढे ती एका गुप्त तळावर काम करते, आणि परग्रहावरून आलेल्या संदेशाला उत्तर देऊ नये असा इशारा मिळूनही उत्तर देते. या ठिकाणी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ज्याला आपल्याच माणसांनी घायाळ केले, तो दूरच्या परक्याला हाक मारतो. हे सांगायला तारे लागतात. पण सांगणे या जमिनीवरचेच आहे. जमाव जिथे जिथे जमतो, तिथले आहे. आणखी एक. हे लेखक बीजिंग-शांघायला बसून लिहीत नव्हते. शान्शी प्रांतातल्या एका वीजनिर्मिती केंद्रात ते अभियंता होते आणि नोकरी सांभाळून लिहीत होते.

माझा एक शेतकरी मित्र म्हणाला, ‘‘हळदीला भाव नाही, सोयाबीन पाण्यात गेले. तुम्ही ताऱ्यांचे काय सांगता?’’ रास्त प्रश्न आहे. त्याला मी बेगम रुकय्यांची गोष्ट सांगितली. रुकय्या सखावत हुसेन, जन्म १८८० चा, आजच्या बांगलादेशातल्या रंगपूर भागातला. घरात मुलींना इंग्रजी शिकवायची पद्धत नव्हती. थोरल्या भावाने रात्री गुपचूप शिकवले. १९०५ साली त्यांनी ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्या त्या देशात बायका राज्य चालवतात आणि पुरुष पडद्यात असतात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. आणि पाणी? त्या देशातल्या स्त्री-शास्त्रज्ञ फुग्याला नळ्या जोडून ढगातूनच पाणी घेतात. मग ना पूर, ना दुष्काळ. सव्वाशे वर्षांपूर्वी पडद्यातल्या एका बाईने हे लिहिले, आणि १९११ मध्ये कोलकात्यात मुलींची शाळा चालवून दाखवली. मित्राला म्हटले, पाण्याचाच विचार आहे हा. जे स्वप्नातही दिसत नाही, ते माणूस मागणार कसे? तो हसला. पण गोष्ट पुन्हा एकदा सांगा म्हणाला.

याच कथेला गोंड चित्रकार दुर्गाबाई यांनी काढलेल्या चित्रांची आवृत्ती २००५ मध्ये निघाली. ती पाहिली आणि चित्रकथांकडे वळलो. खरे तर परतलो. आमच्या पिढीला एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्सनेच वाचनाला लावले. मार्च १९६४ ला सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये थांबली. वेताळ, मँड्रेक, अंतराळात भटकणारा फ्लॅश गॉर्डन, सगळे पाहुणे. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी ‘बहादूर’ आणला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, आपल्या मातीतला. हेच आबिद सुरती पुढे, २००७ पासून, मीरा रोडला प्लंबर बरोबर घेऊन लोकांचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले. शूर वीरांच्या गोष्टी रचणारा माणूस थेंब वाचवायला दारोदार जातो. मला तर हेच त्यांचे सर्वांत चांगले कॉमिक वाटते.

पोरांना हे वाचू द्या. गुरू ग्रहावरून आलेला साबू चाचा चौधरीच्या घरी पोटभर जेवतो, हे वाचून पोराला गुरू ग्रहाची ओळख झाली तर बिघडले काय? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला तो अशाच मुलांसाठी. त्यांची ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’, नारळीकरांची ‘प्रेषित’, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांच्या कथा गावच्या ग्रंथालयात असायला हव्यात. नसतील तर मागाव्यात.

कारण वेधशाळा येईल तेव्हा औंढ्याच्या पोरांपुढे दोन वाटा असतील. एक, फाटकावर पहारा करायचा. ते कामही इमानाचेच आहे. दुसरी, आत जाऊन ‘हे कसे चालते?’ असे विचारायचे. त्यासाठी गणित-पदार्थविज्ञान शिकावे लागेल. पण त्याआधी विचारायची सवय लागावी लागेल. ती सवय गोष्टीतून लागते, आणि आपल्या बोलीतली गोष्ट सगळ्यांत आधी पोचते.

वीजकेंद्रातला एक अभियंता साऱ्या जगाला वाचायला लावतो. मग दुधाळ्याच्या माळावर शेळ्यांमागे फिरणारी एखादी पोर उद्या, तिच्या गावाखालून गेलेल्या लाटेची कादंबरी मराठीत का लिहिणार नाही? तिने लिहिली तर मी पहिला वाचक. तोवर तिच्या हाती पुस्तक पडेल एवढे तरी आपण पाहू या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)