वाढतें गांव आणि जमिनीचे नियम



जमीन माझी, पैसा माझा. मग तेथें मीं राहतें घर बांधावें कीं कारखाना काढावा, हें इतरांनीं कां ठरवावें? हा प्रश्न वरवर पाहतां रास्त वाटतो. लहान खेड्यांत तो फारसा उद्भवतही नाहीं. चुन्याची भट्टी, स्मशान, गुरांचें कुरण यांच्या जागा तेथें रूढीनेंच ठरलेल्या असतात. परंतु त्याच खेड्याजवळ आगगाडीचें स्टेशन होतें, चार दिशांनीं माणसें येऊन राहूं लागतात, आणि रूढीचें काम कायद्याला करावें लागतें.

आपल्याकडे हा धडा प्रथम प्लेगनें शिकविला. १८९६ सालीं मुंबईंत ती सांथ आली आणि १८९८ सालीं शहर-सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडील रुंद रस्त्यांची व बागांची वस्ती ही त्याच ट्रस्टची आंखणी होय. पुढें १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला. त्यांतील युक्ति मोठी सुबोध आहे. अनेक मालकांचीं वेडींवांकडीं शेतें एकत्र करावयाचीं, त्यांतून रस्ते, शाळा व मैदानें यांसाठीं जागा काढावयाची आणि उरलेल्या जमिनीचे नीटस भूखंड त्याच मालकांस परत द्यावयाचे. मालकाची जमीन थोडी घटते. परंतु दारांत रस्ता आल्यामुळें तिचें मोल वाढतें, आणि त्या वाढीचा कांहीं अंश सार्वजनिक कामासाठीं त्यानें द्यावयाचा असतो.

आजची व्यवस्था १९६६ सालच्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यावर उभी आहे. त्यान्वयें प्रत्येक शहराची विकास योजना तयार होते. निवासाचा विभाग कोणता, व्यापाराचा कोणता, कारखान्यांचा व शेतीचा कोणता, हें तिच्या नकाशावर रंगांनीं दाखविलेलें असतें. नकाशावर ही गोष्ट सोपी दिसते. जमिनीवर ती किती कठीण आहे, हें पाहावयाचें तर डोंबिवलीकडे पाहावें.

तेथील औद्योगिक वसाहत उभी राहिली, तेव्हां आसपास बव्हंशीं शेतजमीन होती. पुढें मुंबईंत न परवडणारें घर शोधीत मध्यमवर्गीय कुटुंबें येत गेलीं, आणि इमारती सरकत सरकत कारखान्यांच्या कुंपणापर्यंत पोंचल्या. दोष एकट्या घरबांधणाऱ्याचा नव्हे. वसाहतीच्या जमिनीचें नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे, तर शहराचें नियोजन १९८३ सालीं स्थापन झालेल्या महापालिकेकडे. दोन नकाशे, दोन कचेऱ्या. आणि दोहोंच्या सीमेवर जी मोकळी पट्टी राखावयास हवी होती, तिची काळजी मात्र कोणाचीच नाहीं! २६ मे २०१६ रोजीं तेथील एका रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन बारा माणसें मृत्यु पावलीं व दूरवरच्या घरांच्या कांचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजीं पुन्हां तसाच स्फोट झाला आणि पुन्हां प्राण गेले. विभागांची आंखणी ही केवळ सौंदर्याची हौस नव्हे, हें यापेक्षां अधिक कठोर शब्दांत कोण सांगणार?

लगतच्या सत्तावीस गांवांची कथाही अशीच बोधप्रद आहे. हीं गांवें १९८३ सालीं महापालिकेंत आलीं, २००२ सालीं वगळलीं गेलीं आणि २०१५ सालीं पुन्हां घेतलीं गेलीं. धनी वारंवार बदलूं लागला कीं शेताची राखण होत नाहीं, तसें नियमांचेंही होतें. नोव्हेंबर २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें डोंबिवली परिसरांतील पासष्ट अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. बनावट परवानग्यांच्या आधारें त्या उभ्या राहिल्या होत्या. ज्यांनीं आयुष्याची पुंजी घालून तेथें घरें घेतलीं, त्यांचा अपराध एवढाच कीं, त्यांनीं दाखविलेल्या कागदावर विश्वास ठेवला.

येथें जमीनमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. त्याच्या शेतावर बागेचें वा शाळेचें आरक्षण पडतें आणि पुढें वर्षानुवर्षें पालिका जमीन घेत नाहीं कीं मोबदला देत नाहीं. अशा वेळीं तो चोरून चाळ उठवितो, याचें नवल वाटावयास नको. योजना मंजूर झाल्यावर दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते, आणि तरीही ठरलेल्या मुदतींत हालचाल न झाल्यास आरक्षण रद्द होतें, अशी तरतूद कायद्यांत आहे. ती न्याय्य आहे. परंतु मालकास न्याय मिळाला तरी मुलांचें मैदान जातें. पैशाची तजवीज न करितां नकाशावर हिरवा रंग भरणें म्हणजे दोघांचीही फसवणूक आहे.

मग आपण, सामान्य गृहस्थांनीं, काय करावें? घर घेण्यापूर्वीं दलालाचें चित्रमय पत्रक बाजूस ठेवावें, आणि ती जमीन कोणत्या विभागांत येते याचा दाखला, बांधकामाची परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र हीं तिन्ही स्वतः कचेरींत जाऊन पडताळून पाहावीं. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो, तेव्हां नागरिकांच्या सूचना व हरकती मागविल्या जातात. लग्नाची तिथि ठरवितांना पंचांग चारदां चाळणारे आपण, पुढील वीस वर्षांत आपल्या दारांत काय येणार हें सांगणारा तो नकाशा मात्र एकदांही उघडून पाहत नाहीं. ज्यांचा स्वार्थ आहे ते तो अवश्य पाहतात. आणि आपण गप्प बसलों, तर बदल त्यांच्याच सोयीनें होतात.

गांव वाढावयाचें थांबत नाहीं, थांबूंही नये. परंतु कारखान्याला कामगार हवा, कामगाराला घर हवें आणि त्या घरांतील मुलाला रात्रीं निर्धास्त झोंप हवी. या तिन्ही गरजांत योग्य तें अंतर राखणें, एवढाच जमिनीच्या नियमांचा हेतु आहे. आणि तें अंतर घरें उभीं राहण्यापूर्वींच राखावें लागतें.