आधी चाळणी, मग चाचणी

प्रथिनातल्या फक्त 10 जागा बदलायच्या म्हटल्या, तरी प्रत्येक जागी 20 पैकी कुठलंही अमिनो आम्ल बसू शकतं. म्हणजे सुमारे 10 लाख कोटी प्रकार. एवढे कोण तपासणार? म्हणून संगणकानं आधी चाळणी लावावी, हेच मला पटतं. मधुमेहावरचं सिटाग्लिप्टिन बनवण्यासाठी निवडलेल्या एन्झाइमच्या खोबणीत कच्चा रेणू मावतच नव्हता. संगणकावर खोबणी न्याहाळून नेमक्या जागा बदलल्या, तेव्हा कुठे किंचित क्रिया दिसली. संगणकाचे अंदाज चुकतात, हा आक्षेप खराच आहे. पण त्याच्याकडून अंतिम उत्तर मागायचंच नसतं. प्रथिनाची घडी मोडतील असे बदल त्यानं वगळले तरी पुष्कळ. 2010 साली जाहीर झालेलं 27 बदलांचं ते एन्झाइमही शेवटी प्रयोगशाळेतल्या चाचण्यांच्या एकामागून एक फेऱ्यांतूनच घडलं.