तलवार +७

(गेल्या वर्षी मंडळाच्या दसरा-कोजागिरी संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीचा फोन आला तेव्हा मला विषय दिला होता, "मुलं आणि व्हिडिओ गेम्स". अपेक्षा बहुधा अशी असावी, की मी गेम्सचे दुष्परिणाम सांगेन, पालक माना डोलावतील, मुलं मागच्या रांगेत बसून फोनवर खेळत राहतील आणि मग आपण सगळे मसाला दूध प्यायला मोकळे होऊ. पण अडचण अशी आहे, की मी स्वतः गेली पंचवीस वर्षं गेम्स खेळतो आहे. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यासारखंच झालं!

तेव्हा आज मी फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. गेममधली तलवार. ती कशी मिळते, कशी 'अपग्रेड' होते, आणि ते होत असताना आपलं काय होतं.

ज्येष्ठ मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. 'रोल-प्लेइंग गेम' म्हणजे सोंग घेऊन खेळायचा खेळ. तुम्ही योद्धा व्हा, जादूगार व्हा, राक्षस मारा, खजिना मिळवा. याची सुरुवात कॉम्प्युटरवर झाली नाही. १९७४ साली इथेच अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा कागद-पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. त्यात वीस बाजूंचा फासा असतो. तुमच्याकडे जादूची '+१' तलवार असेल, तर फाशावर जे पडेल त्यात एक मिळवायचा. विसात एक, म्हणजे पाच टक्के फायदा. बस्स, एवढंच! पण त्या '+१' ने पुढची पन्नास वर्षं जगभरच्या मुलांना वेड लावलं. आजही गेममधल्या तलवारीपुढे +४, +७ असंच लिहिलेलं असतं.

माझी स्वतःची सुरुवात 'डायब्लो टू' पासून. गेम २००० सालचा, मी खेळलो पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. सहा जणांनी मिळून लॅनच्या वायरी खिडक्यांतून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढल्या होत्या. (रेक्टर सरांना वाटायचं, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत.) या गेममध्ये राक्षस मेला की जमिनीवर काहीतरी पडतं. नाव पांढऱ्या अक्षरात असेल तर साधी वस्तू, निळ्यात जादूची, पिवळ्यात दुर्मिळ, आणि सोनेरी अक्षर दिसलं की रात्री अडीच वाजता सहा खोल्यांतून एकदम ओरडा! दर वेळी काय पडेल ते माहीत नसतं, म्हणून 'अजून एकच' असं म्हणत पहाट होते. आता मागे वळून बघताना कळतं, की आम्हाला जागं ठेवणारी ती तलवार नव्हती, ती 'कदाचित' होती.

दुसरा धडा सायबर कॅफेत मिळाला. 'रॅग्नारोक ऑनलाइन' हा कोरियन गेम. त्यातल्या प्रॉन्टेरा शहरात हॉलग्रेन नावाचा एक लोहार आहे. त्याला धातू आणि पैसे द्यायचे, तो तुमचं चिलखत मजबूत करतो. +४ पर्यंत खात्रीनं करतो. त्यापुढे मात्र नशीब! जमलं तर +५, नाही जमलं तर चिलखत कायमचं तुटलं. परत मिळत नाही. महिनाभर जमवलेलं चिलखत एका क्लिकनं गेलेलं पाहून माझ्या रूममेटनं त्या रात्री मेसमध्ये जेवण केलं नाही. आम्ही हसलो, आणि पुढच्या आठवड्यात मीही तेच करून बसलो.

तिसरा धडा सगळ्यात मोठा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. त्यात 'मोल्टन कोर' नावाची एक गुहा होती. ती सर करायला चाळीस माणसं लागायची, चाळीसही जण आपापल्या घरून एकाच वेळी ऑनलाइन. आठवड्यातून एकदाच तिथलं बक्षीस मिळायचं, आणि एक राक्षस मेला की वस्तू पडायच्या दोन-चार. घेणारे चाळीस! मग हजेरीचे गुण ठेवायचे आणि ज्याचे गुण जास्त त्याचा नंबर आधी लावायचा. आपल्याकडच्या बायका भिशी चालवतात ना, अगदी तसंच. एकेक जांभळी, म्हणजे अतिदुर्मिळ, वस्तू मिळवायला लोकांनी महिने घालवले.

आणि १६ जानेवारी २००७ ला 'द बर्निंग क्रुसेड' हा पुढचा भाग आला. नवा प्रदेश उघडला. तिथे पोचल्यावर साधीसुधी रानडुकरं वगैरे मारायची कामं केली, की बक्षीस म्हणून साधी हिरवी तलवार मिळे, आणि ती बऱ्याच जुन्या जांभळ्या तलवारींपेक्षा सरस! दोन वर्षांची कमाई एका दुपारीत भंगारात. तेव्हा मी हा गेम खेळत नव्हतो. पण २०१९ साली तोच जुना गेम 'क्लासिक' म्हणून परत आला, तेव्हा आम्ही हॉस्टेलचे सहा जण पुन्हा जमलो. कुणी पुण्यात, कुणी सिंगापुरात, कुणी टेक्सासमध्ये. जून २०२१ मध्ये त्याच क्रमानं 'बर्निंग क्रुसेड' पुन्हा आला. पुढे काय होणार हे आम्हाला चांगलं माहीत होतं, तरी माझी जांभळी काठी विकताना हात थबकलाच.

पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. काठी गेली, पण काठी मिळवताना सिंगापूरवाल्याचा माईक चालू राहून त्याच्या आईचं "अरे, जेवायला ये की मेल्या" हे सगळ्या चाळीस जणांना ऐकू गेलं, ते अजून आम्हाला आठवतं. लॉकडाऊनमध्ये आम्ही दर शनिवारी भेटायचो ते त्या काठीसाठी नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. खरं सांगायचं तर हे भाषण मी स्वीकारलं ते यासाठीच.

मार्च महिन्यात क्रेडिट कार्डाचं बिल आलं. त्यात १८३ डॉलर ५४ सेंट एका मोबाइल गेमवर खर्च झालेले. आमचे चिरंजीव दहा वर्षांचे आहेत. पासवर्ड माझाच, एकदा घाईत मीच त्याला सांगितलेला, त्यामुळे दोषही माझाच. पण ते शहाणपण नंतर सुचलं. त्या संध्याकाळी मी एवढा ओरडलो, की शेजारच्या अमेरिकन आजीबाईंनी खिडकी लावून घेतली. टॅब्लेट कपाटाच्या वर गेला. मुलगा न जेवता झोपला. बायको एवढंच म्हणाली, "त्यानं ते कशासाठी घेतलं, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यानं तलवार +७ करण्यासाठी लागणारे 'दगड' विकत घेतले होते. एक दगड ३ डॉलर ९९ सेंटचा, असे ४६ दगड. नियम असा: +४ च्या पुढे दर पायरीला यशाची शक्यता ५० टक्के, आणि एकदा चुकलं की परत +४. एवढं करून तलवार +६ वरच अडकलेली.

मी म्हटलं, ये इकडे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक क्वार्टर काढला. छापा पडला की एक पायरी वर, काटा पडला की पुन्हा पहिल्यापासून. सलग तीन छापे म्हणजे +७. किती वेळा नाणं उडवावं लागतं ते तो वहीत लिहीत गेला. असे दहा डाव केले. सगळ्यात लवकर संपलेला डाव चौथ्या फेकीला, सगळ्यात लांबलेला ३७ व्या. सरासरी १५ च्या जवळ आली. गणितानं ती बरोबर १४ येते. मग त्याला दाखवलं, की ४६ वेळा उडवूनही सलग तीन छापे न पडणं हे शंभरातल्या दोघा-तिघांच्या वाट्याला येतंच. "तू चुकला नाहीस, पण तू जिंकणारही नव्हतास. दुकानदाराला सरासरी माहीत आहे, तुला नाही."

यात मुलंच फसतात असं नाही. म्हणूनच सरकारं जागी झाली. चीननं मे २०१७ पासून अशा शक्यता जाहीर करणं कंपन्यांना सक्तीचं केलं. बेल्जियमनं २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या 'लूट बॉक्स'ना जुगार ठरवलं. कोरियात, जिथे हे प्रकार फोफावले, तिथेही मार्च २०२४ पासून शक्यता जाहीर करण्याचा कायदा लागू झाला. आणि विकत घेतलेल्या तलवारीनं खेळाची मजाही जाते. 'डायब्लो थ्री' मध्ये २०१२ साली खऱ्या डॉलरचा लिलाव-बाजार होता, एका वस्तूला २५० डॉलरपर्यंत! राक्षस मारण्यापेक्षा बाजारात फिरणंच फायद्याचं झालं. शेवटी कंपनीनंच मार्च २०१४ मध्ये तो बंद केला.

पण मंडळी, नाणं उडवून झाल्यावरही माझा प्रश्न शिल्लक होता. "पण +७ च का रे?"

तो वहीत रेघोट्या मारत म्हणाला, "बाबा, ग्रुपचा रूल आहे. +७ नसेल तर संडेच्या फाइटला घेत नाहीत. मग मी कोणाबरोबर खेळू?"

आम्ही चार वर्षांत तीन गावं बदलली आहेत. कन्सल्टिंगचं काम, प्रोजेक्ट जिथे तिथे आपण. दर वेळी मी नवा लॅपटॉप, नवा बॅज, थोडा वाढीव रेट घेऊन पुढे गेलो. याला मी प्रगती म्हणत होतो. चिरंजीवांची मात्र दर वेळी नवी शाळा, नवी बस, आणि मधल्या सुट्टीत डबा खायला कुणाजवळ बसायचं हा प्रश्न. त्या गेममधली चार मुलं तेवढी तिन्ही गावांत त्याच्याबरोबर राहिली होती. रविवारी साडेचार वाजता कुणीतरी त्याची वाट बघत असे. ते जाऊ नये म्हणून त्यानं ४६ दगड घेतले.

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं. टॅब्लेट खाली काढला. कार्ड त्यातून काढून टाकलं, पासवर्ड बदलला, आणि पैशांची भरपाई म्हणून उन्हाळाभर गवत कापायचं ठरलं, ते त्यानं केलं. पण त्या रविवारी मी त्याच्या शेजारी बसलो. त्याला म्हटलं, त्यांना खरं सांग. त्यानं माईकवर सांगितलं, "आय ओन्ली हॅव सिक्स. माय डॅड सेज नो मोर स्टोन्स." पलीकडे जरा शांतता. मग एका मुलाचा आवाज, "मी टू. आय लाइड, माइन इज फाइव्ह." हा नियम त्या पोरांनी मोठ्या लोकांचं बघूनच केला होता! त्या दिवशी ती पाचही जणं साफ हरली. पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी राक्षस डाव्या बाजूला वळण्याआधी क्षणभर थांबतो, हे माझ्या मुलाच्या लक्षात आलं. त्या दिवशी जिंकली, +६ आणि +५ वरच.

परवा खंडेनवमी झाली. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. खंडेनवमीला ते पाटावर आपले पाने, हातोडी, पक्कड मांडून हळदकुंकू वाहायचे. त्यातला चौदा-पंधराचा पाना इतका झिजला होता, की त्यावरचा आकडाही वाचता येत नसे. मी पहिल्या पगारात त्यांना चकचकीत नवा सेट नेऊन दिला. त्यांनी तो कौतुकानं पाटावर मांडला, आणि दुसऱ्या दिवशी कामाला जुनाच नेला. म्हणाले, "नवा चांगलाय रे. पण याला माझा हात ठाऊक आहे."

यंदा आम्ही पूजेत माझा लॅपटॉप ठेवला आणि चिरंजीवांनी टॅब्लेट ठेवला. मी हसलो, पण काढायला सांगितलं नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. गेमवर किती तास घालवले ते विचारा, जरूर विचारा. कार्ड सांभाळा. शक्यता लिहिलेली असते ते बारीक अक्षर मुलांबरोबर वाचा, आणि घरात एक नाणं असतंच. पण त्याआधी एकदा शेजारी बसून विचारा, "कोणाबरोबर खेळतोयस?" मी हे विचारायला १८३ डॉलर ५४ सेंट मोजले. तुम्हाला फुकट सांगतो आहे.

आणि हो, माझं पुढचं प्रोजेक्ट सिॲटलला होतं. या वेळी मी नको म्हटलं.

दूध गार होतंय.