इंटरनेटवर कर: विरोध नेमका कोणत्या कराला?



‘सरकारने इंटरनेटवर कर लावावा का?’ असं मी आत्ता विचारलं, तर बहुतेक हात ‘नाही’ म्हणत वर येतील. पण आधी आपल्या शेवटच्या रिचार्जचं बिल उघडून बघा. २९९ रुपयांचा रिचार्ज केला असेल, तर त्यातले सुमारे ४५ रुपये ६० पैसे जीएसटीचे आहेत. दर १८ टक्के. म्हणजे कर लागलेलाच आहे आणि आपण तो दर महिन्याला मुकाट्याने भरतो. मग लोक चिडतात ते नेमकं कशावर? मी अर्थतज्ज्ञ नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तरी तीन देशांत काय घडलं ते पाहिलं, तर उत्तर सापडतं असं मला वाटतं.

पहिला देश हंगेरी. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या ओर्बान सरकारने प्रत्येक गिगाबाइटवर १५० फोरिंट कर सुचवला. तेव्हाच्या हिशेबाने पस्तीस-चाळीस रुपये. बुडापेस्टच्या रस्त्यांवर हजारो लोक मोबाइलचे दिवे उंचावून उतरले. सरकारने ग्राहकामागे महिन्याला ७०० फोरिंटची मर्यादा देऊ केली, तरी लोक हटले नाहीत. ३१ ऑक्टोबरला ओर्बान यांनी प्रस्ताव मागे घेतला.

इंजिनिअर म्हणून मला यातली मूळ चूकच वेगळी दिसते. गिगाबाइट हे डेटाचं माप आहे, किमतीचं नाही. एखाद्या व्यापाऱ्याने बँकेतून एक कोटी रुपये पाठवले, तर त्याला काही किलोबाइट पुरतात. अकरावीतली मुलगी रसायनशास्त्राचा तासाभराचा व्हिडिओ बघते, तेव्हा शेकडो मेगाबाइट जातात. गिगाबाइटवर कर लावला की कोटीचा व्यवहार जवळपास फुकट सुटतो आणि भार त्या मुलीवर पडतो.

दुसरा देश युगांडा. १ जुलै २०१८ पासून तिथे व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, ट्विटर वापरायला रोज २०० शिलिंग भरावे लागू लागले. म्हणजे आपले साडेतीन-चार रुपये. राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांचं म्हणणं होतं की लोक तिथे चकाट्या पिटतात, तर त्याचे पैसे द्यावेत. इथे कर सेवेवर नव्हता, बोलण्यावर होता. शिवाय कोण कोणतं अ‍ॅप उघडतो हे कंपनीने पाहिल्याशिवाय असा कर वसूलच होत नाही. कराच्या वाटेने पाळत घरात येते. लोकांनी व्हीपीएन वापरून तो चुकवला. पहिल्या वर्षी २८४ अब्ज शिलिंगांचं उद्दिष्ट होतं, जमा झाले ५० अब्जांच्या आसपास. २०२१ मध्ये तो कर गेला आणि त्याच्या जागी डेटावर १२ टक्के कर आला.

तिसरा लेबनॉन. १७ ऑक्टोबर २०१९ ला व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर रोज २० सेंट कर लावायचं ठरलं. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. प्रस्ताव काही तासांत मागे गेला, पण लोक घरी गेले नाहीत. वीज नाही, रोजगार नाही, भ्रष्टाचार आहे, आणि वर आता बोलण्याचेही पैसे? राग या सगळ्याचा होता. २९ ऑक्टोबरला पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा जाहीर केला.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. लोकांचा विरोध ‘कर’ या शब्दाला नाही. रोजच्या बोलण्यावर, शिकण्यावर श्रीमंताला आणि गरिबाला सारखाच हात घालणाऱ्या कराला आहे. अमेरिकेने हा फरक कायद्यातच केला. १९९८ च्या कायद्याने इंटरनेट जोडणीवर कर लावायला मनाई केली आणि २०१६ मध्ये ती कायमची झाली. पण इंटरनेटवरून होणाऱ्या खरेदीवर तिथली राज्यं विक्रीकर घेतातच. जोडणी वेगळी, तिच्यावरचा धंदा वेगळा.

आता आपल्याकडे या. परदेशी कंपन्यांना मिळणाऱ्या ऑनलाइन जाहिरातींच्या पैशांवर भारताने २०१६ मध्ये ६ टक्के समकारी शुल्क लावलं. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्के लावलं. अमेरिकेने त्याला भेदभाव म्हटलं. २ टक्क्यांचं शुल्क ऑगस्ट २०२४ मध्ये गेलं, ६ टक्क्यांचं एप्रिल २०२५ मध्ये. अशा कराचा भार कंपन्या शेवटी छोट्या जाहिरातदारावर ढकलतात, हा आक्षेप खोटा नाही. त्यावर वाद व्हायला हवा होता. पण तो आपल्या चहाच्या टपरीपर्यंत आलाच नाही. बड्या कंपन्यांवरचा कर आला आणि गेला, रिचार्जवरचे १८ टक्के जागच्या जागी राहिले.

काही जण म्हणतील, सरकारला पैसा लागतो, मग इंटरनेटचेच लाड का? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं: आज शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचं प्रवेशपत्र, रेशन कार्डाचं काम, सगळं ऑनलाइन झालंय. सरकारनेच ज्या दारातून यायला सांगितलं, त्या दारावरचा कर तरी हलका असावा. छोट्या रिचार्जवर दर कमी करा आणि नफा कमावणाऱ्यांकडून नीट वसूल करा.

आपलं कोण ऐकणार, असं म्हणू नका. २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या प्रश्नावर ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. तो प्रश्न कराचा नव्हता, वेगवेगळ्या दरांचा होता. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने भेदभाव करणाऱ्या डेटा दरांना बंदी घातली.

म्हणून दोन कामं सांगतो. एक, आपल्या खासदाराला आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांना पत्र लिहा, मराठीतच लिहा. जीएसटीचे दर जीएसटी परिषदेत ठरतात आणि तिथे महाराष्ट्रही बसतो. दोन, ग्रामीण भागात नेटवर्क नेण्यासाठी कंपन्यांच्या महसुलातून जो निधी जमतो, ज्याला आता ‘डिजिटल भारत निधी’ म्हणतात, त्यातून आपल्या तालुक्यात काय झालं ते माहिती अधिकारात विचारा. कर भरतोच आहोत, तर हिशेबही मागूया.