स्वागताध्यक्षीय भाषण : मानवी जनुकबदलाच्या मर्यादा

माणसाच्या जनुकांत ठरवून बदल करण्याचे तंत्र आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने विकसित केलेली सिकलसेल या रक्ताच्या आजारावरील ‘बिरसा 101’ ही जनुकसंपादनाची देशी उपचारपद्धती जाहीर झाली आणि तिचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्याचा करार झाला. त्यामुळे हा प्रश्न पुणे जिल्ह्याच्याही दारात आला आहे. त्याच्या नैतिक बाजूचा विचार करण्यासाठी मांडवगण फराटा या शिरूर तालुक्याच्या ऊसपट्ट्यातल्या गावात या परिषदेला जमलेले अध्यक्ष, वक्ते, डॉक्टर, शिक्षक, आशा सेविका, शेतकरी आणि विद्यार्थी या सर्वांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.

महाराष्ट्रात सिकलसेलचे ओझे मुख्यतः नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या आदिवासी व दलित समाजांवर आहे. या आजारात हिमोग्लोबिनच्या एका जनुकात एका अक्षराचा फरक असतो. प्राणवायू कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि हाडे-सांधे ठणकू लागतात. जनुकसंपादनाच्या उपचारात रुग्णाच्या रक्तातल्या मूळपेशी बाहेर काढतात, त्यांत बदल करतात, तीव्र औषधांनी जुनी अस्थिमज्जा रिकामी करतात आणि बदललेल्या पेशी शिरेवाटे परत देतात. या औषधांमुळे काही आठवडे रुग्णाची प्रतिकारशक्ती जवळजवळ संपते. प्रजननक्षमतेलाही धोका असतो. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिलेल्या अशा पहिल्या उपचाराची अमेरिकेतली किंमत मान्यतेच्या वेळी 22 लाख डॉलर होती.

असा बदल त्या रुग्णाबरोबर संपतो. भ्रूणात, बीजांडात किंवा शुक्राणूत केलेला बदल मात्र पुढच्या पिढ्यांत उतरतो. उभ्या उसावरची फवारणी त्या हंगामापुरती असते; बेणेच बदलले तर पुढची प्रत्येक लागण बदलते. पण फसलेले बेणे शेतकरी उपटून टाकू शकतो. माणसाच्या बाबतीत ती सोय नाही, आणि ज्याच्या शरीरात बदल उतरणार त्याची संमती घेण्याचा मार्गही नाही. नीतीचा पहिला निकष इथे मिळतो: रुग्णाने समजून-उमजून पत्करलेली जोखीम वेगळी, न जन्मलेल्यावर लादलेली जोखीम वेगळी.

हा निकष मोडला गेल्याचे नोव्हेंबर 2018 मध्ये उघड झाले. हे जियानकुई या चिनी संशोधकाने भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. वडिलांना एचआयव्ही होता आणि मुलींना त्या विषाणूपासून संरक्षण देणे हा सांगितलेला हेतू होता. वास्तविक वडिलांकडून बाळाला लागण होऊ न देण्याचे सोपे उपाय आधीच उपलब्ध होते. डिसेंबर 2019 मध्ये चिनी न्यायालयाने त्याला तीन वर्षांची कैद सुनावली. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2019 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पुढच्या पिढीत उतरणाऱ्या जनुकोपचाराला मनाई आहे.

भ्रूणात बदल करण्याची गरजही क्वचितच पडते. सिकलसेलचे वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्नाआधीची रक्ततपासणी, समुपदेशन आणि गर्भाची वेळेवर तपासणी या उपायांनी ही जोखीम हाताळता येते. मात्र वाहक असल्याची माहिती गुप्त राहिली पाहिजे. नाही तर सोयरीक जुळवताना तपासणीचा कागद मुलीच्या विरोधातला पुरावा होऊन बसतो.

तंत्राचा रोख आजाराकडून आवडीकडे कसा वळतो, हे महाराष्ट्राने सोनोग्राफीत पाहिले आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा याच राज्याने 1988 मध्ये केला. केंद्राचा कायदा 1994 मध्ये आला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या 2001 च्या 913 वरून 2011 मध्ये 894 वर घसरली. आनुवंशिक आजारांची तपासणी कायद्याने खुलीच ठेवली होती. बंदी होती ती लिंगनिवडीला. यंत्र तेच, डॉक्टर तेच. वापर ठरला तो घरातल्या इच्छेने आणि कायदा पाळण्याच्या तयारीने. उद्या उंची, गोरा रंग किंवा हुशारी विकणारे दुकान निघाले तर गिऱ्हाईक कमी पडणार नाही. उंची आणि बुद्धी असंख्य जनुकांच्या, आहाराच्या आणि शिक्षणाच्या एकत्रित परिणामातून घडतात, हे विज्ञान अशा दुकानाच्या पाटीवर लिहिलेले नसेल.

उपचाराच्या बाजूचे प्रश्नही लहान नाहीत. संमतीपत्र मराठीत असून भागत नाही. भिल्ली किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाला ते त्याच्या बोलीत समजावे लागते. चाचण्यांत ज्या समाजाचे रुग्ण सहभागी होतात, त्या समाजाला उपचार परवडला पाहिजे. नंतरची अनेक वर्षांची देखरेख कोणी करायची आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हेही आधी ठरले पाहिजे.

म्हणून मर्यादा चार ठिकाणी आखावी लागते: बदल रुग्णापुरता असावा, आजार गंभीर असावा, साधा पर्याय उपलब्ध नसावा आणि संमती खरी असावी. या चार कसोट्यांवर या परिषदेतली चर्चा व्हावी, ही स्वागत समितीची अपेक्षा आहे.