गणित अडते तिथली भाषा



साहित्याचा अध्यापक गणितावर बोलणार, याचे आपल्याला नवल वाटेल. गणित हा आपला प्रांत नाही, असे मीही मानत होतो. ते मत पलसाण्यात बदलले.

धुळ्याकडून येणारा महामार्ग याच तालुक्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. खानदेशातली कितीतरी कुटुंबे माग आणि डाइंग मिलच्या कामासाठी या भागात आली. त्यांच्या मुलांच्या घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी किंवा गुजराती. मराठी शाळेतून गुजराती शाळेत गेले की 'बेरजे'चा 'सरवाळो' होतो, 'वजाबाकी'ची 'बादबाकी', 'पाढ्यां'चे 'घडिया', 'लसावि'चा 'लसाअ'. गणित तेच असते, पण मुलाची त्याच्याशी असलेली ओळख तुटते.

नववीतला एक मुलगा माझ्याकडे मराठी शिकायला येई. "गणित आपल्या डोक्यातच नाही, सर," हे त्याचे ठरलेले वाक्य. एकदा उताऱ्यात 'पावणेदोन मीटर' आले. ते अंकांत लिही म्हटल्यावर त्याने 2.75 लिहिले. मी विचारले, "दुकानात पावणेदोन मीटर कापड मागितले, तर दोन मीटरपेक्षा जास्त मिळेल का?" तो पटकन म्हणाला, "नाही सर, दोनला पाव कमी." मग थबकला आणि स्वतःच खोडून 1.75 केले. हिशोब त्याला येत होता. शब्दापासून अंकापर्यंतची वाट कोणी दाखवली नव्हती.

आपल्या संख्यानामांत अशा खाचा पुष्कळ आहेत. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतात, लिहिताना नंतर. 'एकोणतीस'मध्ये तिसातून एक उणा आहे. 2019मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली. त्यांचा उपाय कोणाला पटो न पटो, अडचण खरी होती.

सगळा दोष भाषेचा नाही. 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचाही समावेश आहे. अशा मुलाला तपासणी आणि सवलत हवी, टोमणे नकोत. पण 'ढ' हा शिक्का मारण्याआधी आपण एवढे तरी करू: उदाहरण त्याला त्याच्या बोलीत सांगू देऊ, दोन्ही भाषांतल्या संज्ञा वहीत शेजारी शेजारी लिहून घेऊ आणि चुकलेल्या उत्तरावर फुली मारण्याआधी "हे कसे काढलेस?" असे विचारू.

तो मुलगा बीजगणितात अजूनही अडतो. पण आता "डोक्यात नाही" म्हणत नाही, "सर, या शब्दाचा अर्थ काय?" असे विचारतो. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे.